टॉमकॅट शिकलेले ग्रंथपाल

भारतातल्या संशोधन संस्थांच्या ग्रंथालयांनी आपल्या संस्थेचं लेखन साठवायला सॉफ्टवेअर कसं निवडलं, याची एक कागदोपत्री गोष्ट आहे. तिच्यात एक समिती असते, तुलनेचा तक्ता असतो, तक्त्यात बरोबरच्या खुणा असतात आणि शेवटी संचालकांची सही. पुण्यातल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात मी नोकरी केली, असे तक्ते बनवले, त्यांवर सह्या होताना पाहिल्या. म्हणून सांगते, तक्ता बहुतेक वेळा निर्णयानंतर तयार व्हायचा. निर्णय कुठे झाला हे शोधायचं तर समितीचं इतिवृत्त वाचून उपयोग नाही. कोण कुठल्या कार्यशाळेला जाऊन आलं, त्याची हजेरीपत्रकं चाळायला हवीत.

गोष्टीचं मूळ नियतकालिकांच्या वर्गणीत आहे. नव्वदच्या दशकात परदेशी नियतकालिकांची बिलं दरवर्षी फुगत होती आणि रुपया घसरत होता. आमच्याच शास्त्रज्ञाने आमच्याच प्रयोगशाळेत केलेलं काम परदेशी नियतकालिकात छापून यायचं, आणि ते वाचायला आम्ही डॉलर मोजायचे. वर्गणी बंद करायची वेळ आली की आपल्याच माणसाचा निबंध आपल्याच कपाटात नाही, अशी अवस्था. भौतिकशास्त्रज्ञांनी यातून वाट काढली होती. १९९१ साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत पॉल गिन्सपार्ग यांनी निबंधांच्या पूर्वप्रती साठवणारं आणि वाटणारं यंत्र सुरू केलं. तेच पुढे ‘आर्काइव्ह’ म्हणून जगभर माहीत झालं. इतर विषयांतही असे साठे उभे राहू लागले आणि प्रश्न आला की या सगळ्यांना एकमेकांशी बोलतं कसं करायचं.

त्यासाठी ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सांता फे इथे बैठक झाली. हर्बर्ट व्हान द सोम्पेल, कार्ल लागोझ, गिन्सपार्ग असे लोक तिथे होते. त्यातून ओपन आर्काइव्हज इनिशिएटिव्ह निघाली आणि २००१ च्या जानेवारीत तिने माहिती गोळा करण्याचा एक शिरस्ता ठरवून दिला: ओएआय-पीएमएच. नाव बोजड, काम सोपं. एका यंत्राने दुसऱ्याला विचारायचं, ‘अमक्या तारखेनंतर तुझ्याकडे नवं काय आलं?’ दुसऱ्याने डब्लिन कोअरच्या पंधरा रकान्यांत उत्तर द्यायचं: शीर्षक, लेखक, विषय, तारीख वगैरे. तालिकापत्रं लिहिण्यात हयात घालवलेल्या आमच्यासारख्यांना ही भाषा लगेच कळली. या शिरस्त्याचं मोल मात्र फार उशिरा कळलं. त्याकडे शेवटी येते.

सांता फेनंतर सॉफ्टवेअर यायला वेळ लागला नाही. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात स्टीव्हन हारनॅड हे संशोधकांनी आपले निबंध स्वतःच खुले करावेत म्हणून वर्षानुवर्षं भांडत होते. त्यांच्या पुढाकाराने २००० साली ईप्रिंट्स आलं. पर्लमध्ये लिहिलेलं, मायएसक्यूएलवर चालणारं, फुकट आणि खुलं. ते लिहिणारे रॉबर्ट टॅन्सली पुढे ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत गेले आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या ग्रंथालयांबरोबर चाललेल्या दुसऱ्या प्रकल्पात शिरले. ४ नोव्हेंबर २००२ ला तो प्रकल्प लोकांसाठी खुला झाला. नाव डीस्पेस, भाषा जावा. पुढे दहा वर्षं आपल्याकडच्या परिसंवादांत ‘ईप्रिंट्स की डीस्पेस’ असा सामना रंगायचा, तेव्हा दोन्ही बाजूंना एकाच माणसाचा हात आहे हे फारसं कुणी सांगत नसे.

आपल्या ग्रंथपालांची सॉफ्टवेअरशी ओळख तोवर एकाच वाटेने झाली होती. युनेस्कोने सीडीएस/आयसिस नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. ऐंशीच्या दशकात ते छोट्या संगणकावर चालू लागलं आणि भारतात निसॅट या सरकारी योजनेने ते नाममात्र शुल्कात वाटलं, शिकवलंही. एक संगणक, एक ग्रंथपाल, काही फ्लॉप्या. त्यामुळे दोन समजुती घट्ट बसल्या: सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ते एकटा माणूस चालवू शकतो. ईप्रिंट्स-डीस्पेस आले तेव्हा पहिली समजूत खरी ठरली, दुसरी नाही. इथे लिनक्स हवं होतं, सतत चालू राहणारा सर्व्हर हवा होता, डेटाबेस हवा होता, आणि विजेच्या खेळखंडोब्यात यूपीएसही.

शिकायचं तर गाडी दक्षिणेकडे धरायची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत टी. बी. राजशेखर यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय विज्ञान माहिती केंद्राने २००२ साली ईप्रिंट्सवर संस्थेचा साठा उभा केला. भारतातली पहिली संस्थात्मक रिपॉझिटरी म्हणून त्याचीच नोंद होते. त्याच शहरात डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर, म्हणजे डीआरटीसी. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९६२ साली सुरू केलेलं. तिथे ए. आर. डी. प्रसाद आणि त्यांचे सहकारी डीस्पेस शिकवत. ग्रंथपालांच्याच लेखनाचा साठा त्यांनी डीस्पेसवर उभा केला होता. आणखी खाली कोळिकोडच्या आयआयएममध्ये ग्रीनस्टोन शिकवलं जाई. हे न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाचं, इयान विटन यांच्या गटाने केलेलं. युनेस्कोने त्याच्या सीड्या वाटल्या होत्या.

तीन ठिकाणं, तीन सॉफ्टवेअर. कार्यशाळेहून परतलेला माणूस जे शिकून येई ते आपल्या संस्थेत बसवी, कारण अडलं तर फोन करायला तिथलं कुणीतरी ओळखीचं झालेलं असे. निवडीचं खरं कारण हेच. याला मी कमी लेखत नाही. अडीअडचणीला धावून येणारं माणूस कुठे आहे, हा निकष तक्त्यातल्या पन्नास ओळींपेक्षा शहाणपणाचा होता. फक्त तो तक्त्यात लिहायची सोय नव्हती.

तक्ते मात्र उत्तम मिळत. ओपन सोसायटी इन्स्टिट्यूटने काढलेल्या मार्गदर्शिकेची २००४ ची आवृत्ती आमच्या क्षेत्रात हातोहात फिरली. तिच्यात ईप्रिंट्स, डीस्पेस, फेडोरा, सर्नचं सीडीएसवेअर अशा नऊ सॉफ्टवेअरची रकानेवार तुलना होती. त्यातली बरीचशी आपल्याकडे कुणी बसवून पाहिलेलीही नव्हती. तरी समितीपुढे नऊ नावं ठेवली की विचार झाल्यासारखा दिसतो.

समितीत काय चालायचं? आमच्याकडे ‘हे एमआयटीचं आहे’ म्हटल्यावर एक ज्येष्ठ सदस्य खुशीत म्हणाले, ‘मग उत्तमच, कोथरूडच्या एमआयटीत माणूस पाठवून विचारून घेता येईल.’ मॅसॅच्युसेट्सचा खुलासा झाल्यावर तर त्यांचं मत आणखीच अनुकूल झालं. मोठ्या नावाने फाइल हलते, आणि डीस्पेसमागे एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड अशी दोन मोठी नावं होती. दुसरं कारण अगदी पुणेरी. शहरात आयटी कंपन्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं फोफावत होती आणि दर गल्लीत जावाचे क्लास निघाले होते. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून डीस्पेसवर काम करायला विद्यार्थी सहज मिळे. पर्ल येणारा शोधावा लागे. तिसरं कारण, ईप्रिंट्सची घडण शोधनिबंध डोळ्यांपुढे ठेवून झालेली होती. आमच्याकडे निबंध होते, तसेच प्रबंध, अहवाल, छायाचित्रं, जुन्या व्याख्यानांच्या कॅसेटीही होत्या. डीस्पेस काहीही पोटात घेई.

ग्रीनस्टोनला मी न्याय देऊ इच्छिते, कारण पुढच्या काळात त्याचं नाव मागे पडलं. ते साध्या विंडोजच्या संगणकावर चाले, इंटरनेट नसलं तरी चाले, आणि तयार संग्रह सीडीवर घालून तालुक्याच्या गावी देता येई. दुर्मीळ पुस्तकांचा एखादा बांधीव संग्रह करायचा तर त्याच्यासारखं सोपं दुसरं नव्हतं. रोज नवी भर पडणाऱ्या साठ्याला मात्र ते जड जाई.

डीस्पेस बसवणं ही त्या काळी दीक्षाच होती. आधी लिनक्स, मग जावा, मग पोस्टग्रेएसक्यूएल, मग अँट, मग टॉमकॅट. टॉमकॅट हा जावाची पानं ब्राउझरपर्यंत पोचवणारा सर्व्हर. तो ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर उठला की पडद्यावर मांजर दिसायचं. ते दिसलं की निम्मी लढाई जिंकली. ज्यांनी नोकरीची सुरुवात ड्युईच्या दशांश वर्गीकरणाने केली, ते पन्नाशीत टॉमकॅटच्या लॉग फाइली वाचायला शिकले. ग्रंथालयशास्त्राच्या इतिहासात या पिढीबद्दल फारसं लिहिलेलं नाही, म्हणून ही ओळ मुद्दाम लिहिते.

या बसवाबसवीचा एक शिक्का अजून दिसतो. डीस्पेसमधल्या प्रत्येक नोंदीला कायमचा पत्ता मिळावा म्हणून हँडल नावाची व्यवस्था वापरतात. त्यासाठी अमेरिकेतल्या सीएनआरआय या संस्थेकडून आपल्या ग्रंथालयाचा क्रमांक घ्यायचा आणि वर्षाला ५० डॉलर भरायचे. तो घेईपर्यंत सॉफ्टवेअर स्वतःच एक तात्पुरता क्रमांक लावतं: १२३४५६७८९. आता सरकारी अनुदानावरच्या संस्थेतून वर्षाला ५० डॉलर परदेशी पाठवायचे म्हणजे काय, हे ज्याने लेखा विभागात खेटे घातले आहेत त्यालाच कळेल. रक्कम मोठी असती तर तिच्यासाठी रीत होती. एवढ्या छोट्या रकमेसाठी रीतच नव्हती. परिणामी भारतातल्या कितीतरी रिपॉझिटऱ्यांच्या पत्त्यात आजही १२३४५६७८९ दिसतं. ज्यांनी चिकाटीने क्रमांक मिळवला त्यांचे पत्ते वेगळे ओळखू येतात: गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा २२६४, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचा १०९७३. ग्रंथालयाला पत्ता कायमचा हवा होता की नुसतं उद्घाटन हवं होतं, हे या आकड्यावरून बरंचसं समजतं.

डीस्पेसच्या रचनेतली एक गंमत मला नेहमी वाटत आली. त्याची मांडणी झाडासारखी: वर समुदाय, त्याखाली उपसमुदाय, त्याखाली संग्रह, संग्रहात नोंदी. व्यवहारात समुदाय म्हणजे विभाग. विभागप्रमुखांना हे फार आवडे, कारण मुखपृष्ठावर आपल्या विभागाचं नाव दिसे. पण दोन विभागांनी मिळून केलेलं काम कुठे ठेवायचं? विभागाचं नाव बदललं, दोन विभाग एक झाले, तर? कुठलाही विषय एका फांदीवर मावत नाही, त्याला एकाच वेळी अनेक पैलू असतात, हे रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात दाखवून दिलं होतं. आणि त्यांनीच उभारलेल्या संस्थेत आम्ही संस्थेच्या आस्थापना-तक्त्याबरहुकूम झाड लावायला शिकत होतो. पुढच्या आवृत्त्यांत सोलर या शोधयंत्राच्या आधाराने लेखक, विषय, वर्ष असे पैलू निवडत शोध बारीक करण्याची सोय आली आणि तरुण सहकाऱ्यांनी ती नवी म्हणून मला दाखवली.

तक्त्यांचं आणखी एक गृहीतक इथे आल्यावर कोलमडलं. दोन्ही सॉफ्टवेअर या विश्वासावर उभी होती की संशोधक स्वतः लॉगिन करेल, अर्ज भरेल, निबंध चढवेल. ग्रंथपाल फक्त तपासेल. म्हणून तक्त्यात ‘लेखकाला अर्ज भरणं सोपं आहे का’ याला मोठं वजन. आमच्याकडे शास्त्रज्ञ निबंध ईमेलने पाठवी, तोही तीनदा आठवण केल्यावर. ‘मॅडम, तुम्हीच टाकून घ्या ना,’ हे वाक्य ज्या ग्रंथपालाने ऐकलं नसेल त्याने हात वर करावा. चढवण्याचं काम ग्रंथालय सहायक आणि कंत्राटी डेटा एंट्रीची मुलंमुली करत. त्यामुळे खरी उपयोगाची ठरली ती तक्त्यात कोपऱ्यात पडलेली सोय: घाऊक आवक. प्रत्येक नोंदीचं एक फोल्डर, त्यात माहितीची एक एक्सएमएल फाइल, मूळ पीडीएफ आणि फोल्डरात काय आहे त्याची यादी. एक्सेलमध्ये नोंदी भरायच्या, छोट्या प्रोग्रॅमने फोल्डरं पाडायची आणि एका आज्ञेत शेकडो नोंदी आत. आमच्याकडचे साठे भरले ते या मागच्या दाराने.

आणि मराठी. तक्त्यात एक ओळ असे: ‘युनिकोड’. पुढे बरोबरची खूण. विषय संपला. प्रत्यक्षात त्या ओळीपाशी विषय सुरू होत होता. त्या काळातली मराठी डीटीपीच्या फॉन्टांत टाइप झालेली असे. पडद्यावर सुंदर देवनागरी, पण पीडीएफमधून मजकूर उचलला की रोमन अक्षरांचा कचरा. अशा पीडीएफमध्ये आतला शब्द शोधणं अशक्य. शीर्षकं युनिकोडमध्ये नव्याने टाइप केली तरी सुटका नव्हती. महात्मा फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ घ्या. त्यातला अर्धा ‘ऱ’ दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना सारखा दिसतो, संगणकाला वेगळा. दोन सहायकांचे कीबोर्ड वेगळे असले की त्याच पुस्तकाच्या नोंदी दोन ठिकाणी. ॲनी बेझंट यांच्या नावातलं पहिलं अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधीच्या नोंदींत ते ‘अ’वर चंद्र देऊन जुळवलेलं, म्हणून नव्या कीबोर्डवरून शोधलं तर जुन्या नोंदी सापडत नाहीत.

त्यात शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, त्यात १९७२ साली भर पडली. त्याआधीची पुस्तकं अनुस्वारांनी भरलेली. मुखपृष्ठावर ‘महाराष्ट्रांतील’ आहे. आजचा विद्यार्थी शोधणार ‘महाराष्ट्रातील’. आम्ही मूळ शीर्षक जसंच्या तसं ठेवून पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात आजचं रूप भरायची रीत पाडली. ही रीत कुठल्या मार्गदर्शिकेत नव्हती. ती सॉफ्टवेअरने दिली नाही, सॉफ्टवेअरने फक्त रकाना दिला.

हे कष्ट कशासाठी, याचं उत्तर गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने दिलं आहे. भारत सेवक समाजाची स्थापना १९०५ ची, त्या समाजाची ही इन्स्टिट्यूट १९३० ची. तेव्हापासून जमलेल्या दुर्मीळ ग्रंथांतली हजारो पुस्तकं, अहवाल स्कॅन करून त्यांनी डीस्पेसवर खुले केले. आज मराठवाड्यातला एखादा शिक्षक किंवा लंडनमधला अभ्यासक तिथून जुनं पुस्तक उतरवून घेतो, तेव्हा तो सॉफ्टवेअरचं नाव पाहत नाही. तसंच व्हायला हवं.

प्रबंधांच्या बाबतीत निवडीचा प्रश्नच २००९ साली मिटला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वर्षीच्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि गुजरातमधल्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ उभी केली, डीस्पेसवरच. तिचा हँडल क्रमांक १०६०३. आज तिथे देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध आहेत. प्रत्येक विद्यापीठाने आपापला सर्व्हर सांभाळण्याऐवजी एका केंद्राने सगळ्यांचा सांभाळायचा, हा मार्ग निघाला. त्यातून एक शिकण्यासारखं आहे: शोधगंगा मोठी झाली ती सॉफ्टवेअरच्या गुणांमुळे नव्हे. नियम होता, पगारी माणसं होती, आणि सर्व्हर बंद पडला तर जाब कुणाला विचारायचा हे ठरलेलं होतं.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं त्यांचं काय झालं, हे गेल्या काही वर्षांत उघड झालं. २०२१ साली डीस्पेसची सातवी आवृत्ती आली. वाचकाला दिसणारा पुढचा भाग पूर्ण नवा, अँग्युलरमध्ये लिहिलेला; त्या भागाची जुनी दोन्ही रूपं बाद. सर्व्हरची भूकही वाढली. २०२३ च्या जुलैत सहाव्या आवृत्तीचा आधार संपला. ज्या ग्रंथालयांत टॉमकॅट शिकलेला माणूस निवृत्त झाला होता आणि त्याची जागा भरलीच नव्हती, तिथे जुनी आवृत्ती तशीच चालत राहिली, किंवा एक दिवस सर्व्हर बंद पडला आणि कुणी उठवला नाही. इतक्या वर्षांनंतर ‘कुठलं सॉफ्टवेअर सरस’ हा वाद मला पोकळ वाटतो. ईप्रिंट्सवरची भारतीय विज्ञान संस्थेची रिपॉझिटरी टिकली, डीस्पेसवरची गोव्याची टिकली. आणि दोन्ही सॉफ्टवेअरवरच्या अनेक बंदही पडल्या.

इथेच सांता फेच्या त्या शिरस्त्याचं मोल येतं. ज्यांच्या नोंदी नीट भरलेल्या होत्या आणि ओएआयचं दार उघडं होतं, त्यांची सामग्री सर्व्हर मरण्याआधी दुसरीकडे नेता आली. निदान काय काय होतं याची यादी तरी वाचली. ज्यांनी लेखकाच्या रकान्यात शीर्षक आणि तारखेच्या रकान्यात शेरे भरले होते, त्यांचा साठा कुठल्याही सॉफ्टवेअरने वाचवला नसता.

म्हणून आता कुणी तरुण ग्रंथपाल विचारायला आला, की डीस्पेस घेऊ, ईप्रिंट्स घेऊ, की एखाद्या कंपनीची भाड्याची सेवा, तर मी तक्ता बाजूला ठेवायला सांगते. निविदेत एक कलम घाल म्हणते: पुरवठादाराने दरवर्षी एकदा सगळा साठा, फाइली आणि नोंदींसकट, बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उभा करून दाखवावा, तोवर शेवटचा हप्ता देऊ नये. सॉफ्टवेअर खुलं असून काम आपलेच लोक करणार असतील, तर हेच कलम आपल्या विभागाला लावावं आणि त्या कामाला आस्थापनेवरची एक जागा मागावी. बहुतेक संचालक सॉफ्टवेअरला लगेच होकार देतात आणि जागेला नाही म्हणतात. अशा वेळी सॉफ्टवेअरची फाइल थांबवून आधी जागेची फाइल पुढे न्यावी.